थर्मोस्टॅट काढून फेकू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी शहरातून जुन्या गाड्यांची फेरी निघाली होती. तिची बातमी आपल्या अंकात वाचली. सोबत फोटोही होता. एक लाल अमेरिकन गाडी रस्त्याच्या कडेला उभी, बॉनेट उघडं, आतून वाफ निघतेय आणि भोवती मोबाइल उंचावलेली माणसं. साठच्या दशकातली ही मोठी व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरची, इंजिनं मुळातच तापट, ती आपल्या उन्हात टिकायची नाहीत, असं कुणा जाणकारांचं मत बातमीत छापलं आहे. ते वाचून राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

नाना पेठेत आमचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांनी घातलेलं. १९९१ साली त्यांचा हात थरथरायला लागला आणि गॅसची बत्ती माझ्या हातात आली. तेव्हापासून ट्रक, टेम्पो, अ‍ॅम्बेसेडर, फियाट, जनरेटर, सगळ्यांच्या रेडिएटरच्या जाळ्या मी स्वतः डाख देऊन दुरुस्त केल्या आहेत. गेल्या दहा-बारा वर्षांत जुन्या अमेरिकन गाड्याही यायला लागल्या. आतापर्यंत नऊ आल्या. नऊही 'गरम होते' म्हणून आल्या आणि त्यातल्या एकाही गाडीचं इंजिन मुळात खराब नव्हतं.

उन्हाचंच म्हणाल तर या गाड्या अ‍ॅरिझोना आणि टेक्सासमध्ये हजारोंनी विकल्या गेल्या. फिनिक्स शहरात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जाणं रोजचंच आहे. तिथले लोक याच गाड्या घेऊन कामावर जात होते. आपल्याकडे मे महिन्यात चार दिवस चाळीस झालं, तर त्याचं खापर साठेक वर्षांपूर्वीच्या इंजिनावर का फोडायचं?

एक गोष्ट मात्र मान्य करते. या गाड्यांत उष्णता फार तयार होते आणि ती बाहेर काढायला जागा बेताची आहे. १९६४ साली पाँटियाकने मधल्या आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचांचं इंजिन बसवून जीटीओ काढली. ३८९ घनइंच म्हणजे जवळपास ६.४ लिटर. आपली जुनी मारुती ८०० आठवा. तसली आठ इंजिनं एका बॉनेटखाली. पेट्रोल जळून जी शक्ती निघते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कामी येतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून निघून जातो आणि उरलेला जवळजवळ तेवढाच पाण्यात उतरतो. म्हणजे जितकी ताकद चाकाला, साधारण तितकीच उष्णता रेडिएटरला. सिलिंडरच्या भिंतीतून पाण्यात, पाण्यातून होजमधून जाळीच्या नळ्यांत, नळ्यांवरून पात्यांत आणि पात्यांवरून हवेत, अशी तिची ठरलेली वाट आहे. छोट्या गाडीत या वाटेवर थोडी अडचण झाली तरी खपून जातं. मोठ्या व्ही-८ला ते खपत नाही, एवढाच काय तो फरक.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात कोथरूडचे एक गृहस्थ त्यांची १९६९ ची मस्टँग टो करून घेऊन आले. ३०२ घनइंच, म्हणजे ४.९ लिटर. चांदणी चौकाच्या अलीकडे उकळली होती. तोवर तीन गॅरेजं झाली होती. पहिल्याने थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाण्याची जाळीकडची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह, काढून टाकला. दुसऱ्याने जाळीच्या पुढे विजेवरचा पंखा लावला. तिसऱ्याने सांगितलं, ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग, उतरवून बोअर करावा लागेल, आणि खर्चाचा आकडा ऐकून हे गृहस्थ हबकले. मला म्हणाले, "ताई, विकून टाकू का?"

मी आधी एकच विचारलं, गाडी कुठे गरम होते? सिग्नलला उभी असताना, की मोकळ्या रस्त्यावर पळताना? हा प्रश्न त्यांना तोवर कुणीच विचारला नव्हता. आमच्या धंद्यात अर्धं निदान इथेच होतं. उभ्या गाडीत हवा फक्त पंखा ओढतो. तेव्हा तिथे गरम होणारी गाडी बहुधा हवेच्या बाजूने किंवा टायमिंगने, म्हणजे ठिणगी पडायच्या वेळेने, आजारी असते. पळताना वारा आपोआप मिळतो. तरी काटा चढत असेल, तर पाणी फिरत नाही किंवा जाळी कमी पडतेय. घाटात इंजिनावर भार जास्त आणि वेग कमी, म्हणून तिथे दोन्ही दोष एकदम उघडे पडतात. त्यांची गाडी आधी सिग्नलला तापायची आणि हळूहळू हायवेलाही तापायला लागली होती. म्हणजे दोन्हीकडे शोधायचं होतं.

बॉनेट उघडल्याबरोबर पहिली गोष्ट दिसली. पंख्याभोवतीचं काउल, म्हणजे पंख्याने जाळीतूनच हवा ओढावी म्हणून असलेलं वेष्टण, गायब. कुणीतरी 'इंजिन नीट दिसावं' म्हणून ते काढलं होतं आणि मूळच्या पंख्याच्या जागी चकचकीत क्रोमचा, पातळ पात्यांचा पंखा बसवला होता. पंखा आणि जाळी यांत चार बोटांचं अंतर. काउल नसलं की पंखा बाजूची, इंजिनाच्या खोलीतलीच गरम हवा ओढतो आणि फिरवत राहतो. जाळीतून येते ती फक्त मधल्या गोलातली, चारही कोपरे कोरडेच राहतात. पुढे लावलेला विजेचा पंखा गाडी पळायला लागली की उलट वाऱ्याच्या आड येत होता. तो उतरवला. पत्र्याचं काउल आम्ही दुकानातच घडवलं. पात्याची निम्मी रुंदी काउलच्या आत आणि निम्मी बाहेर राहील, असं. जुन्या बाजारात एका सहा पात्यांच्या जाड पंख्यावर नजर होती, तोही मापात बसला.

मग जाळी. इंजिन गरम करून बंद केलं आणि आमच्या दुकानातल्या जुन्या कारागिरांनी, चाचांनी, जाळीवरून तळहात फिरवला. गेली चाळीस वर्षं ते हेच करतात. आता माझ्याकडे तापमान मोजायची बंदूक आहे, पण चाचांचा हात आधी, बंदूक नंतर. डावीकडचा एक उभा पट्टा आणि खालचा कोपरा गार लागला. जिथे नळी बुजलेली असते तिथे गरम पाणी पोचतच नाही, म्हणून ती जागा गार लागते. लोक नेमकं उलटं समजतात. त्यांना वाटतं, जाळी गार आहे म्हणजे चांगली आहे.

जाळी उतरवून वरच्या टाकीचा डाख बत्तीने सोडवला आणि टाकी उचलली. आत पाहिलं आणि ते गृहस्थ गप्पच झाले. तीन ओळींतल्या नळ्यांपैकी एक तृतीयांशाच्या तोंडावर पांढरा, चुन्यासारखा कडक थर. हा आपल्या बोअरच्या पाण्याचा. पुण्याभोवतीच्या सोसायट्यांत टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी, तेच बादलीने रेडिएटरमध्ये जातं. घरातल्या गीझरचा कॉइल दोन वर्षांत जसा होतो, तशाच या नळ्या होतात. आणि त्या पांढऱ्याखाली पिवळा, खडूसारखा गठ्ठा होता. मी तो नखाने काढला, चाचांना दाखवला. हळद! कधीतरी रस्त्यात जाळी गळायला लागली असणार आणि कुणा भल्या ड्रायव्हरने मूठभर हळद टाकून गळती बंद केली असणार. आपल्याकडची ही जुनी युक्ती आहे आणि घरी पोचण्यापुरती ती खरंच कामी येते. पण घरी पोचल्यावर हळद धुऊन काढायची असते, हे कुणी लक्षात ठेवत नाही. ती फिरत राहते आणि नळ्यांत घट्ट बसते.

आम्ही प्रत्येक नळीत चपटी सळई मारली. एका माणसाचं दीड दिवसाचं काम. अ‍ॅसिड ओतून दहा मिनिटांत साफ करणारे आहेत. पण अ‍ॅसिड आधी मोकळ्या नळ्यांतून जातं आणि चांगला डाख खातं. बुजलेली नळी तशीच राहते. पितळी-तांब्याची जाळी असेल तर ती उघडून साफ करता येते, हीच तिची थोरवी आहे. म्हणून सांगते, जुनी जाळी भंगारात घालण्याआधी एकदा टाकी उघडून बघा.

खालचा होज पाइप पाहायला चाचांनी इंजिन चालू ठेवून अ‍ॅक्सिलरेटरची कांडी ओढली. आवाज वाढला आणि आमच्या डोळ्यांदेखत होज चपटा झाला, संपत आलेल्या टूथपेस्टच्या ट्यूबसारखा. खालच्या होजमध्ये पंपाची ओढ असते. ती सोसायला आत तारेची स्प्रिंग लागते. नवा होज घालताना कुणीतरी जुनी स्प्रिंग काढून टाकली होती. हायवेवर गाडी का तापायची, याचं निम्मं उत्तर इथे मिळालं.

रेडिएटरचं झाकणही चुकीचं होतं, त्याची स्प्रिंग बोटाने दाबली जात होती. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, त्यामुळे इथे उघडं पाणी शंभरला नाही तर साधारण ९८ अंशांना उकळतं. झाकण दाब धरून ठेवतं आणि दर पौंड दाबामागे उकळण्याचा बिंदू अंदाजे दीड अंशाने वर जातो. तेरा पौंडांचं झाकण बसवलं की तेच पाणी ११७-११८ अंशांपर्यंत तग धरतं. झाकणाला फारसे पैसे पडत नाहीत. पण तापलेल्या गाडीचं झाकण उघडू नका. दाब गेला की ते पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. माझ्या डाव्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत त्याची खूण आहे, वयाच्या बाविसाव्या वर्षापासून.

टायमिंगबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते माझं काम नाही. आमच्या शेजारच्या मिस्त्रींनी ते पाहिलं. चढावर इंजिन खडखडतं म्हणून कुणीतरी डेल्को, म्हणजे सिलिंडरना ठिणगी वाटणारा भाग, फिरवून करंट (ठिणगीची वेळ) मागे घेतला होता आणि ठिणगी पुढे आणणारी व्हॅक्यूमची नळी काढून तिच्या तोंडात स्क्रू घातला होता. करंट उशिरा पडला की पेट्रोल पिस्टन खाली जात असताना जळत राहतं आणि पेटता वायू एक्झॉस्टच्या तोंडाशी जातो. त्या तोंडाभोवती पाणीच असतं, तेच तापतं. अमेरिकेत १९६८ पासून देशभर धुराचे नियम लागू झाले, तेव्हा कंपन्यांनीच बऱ्याच गाड्यांचा उभ्या अवस्थेतला करंट मागे ठेवला. पण त्यांनाही हे ठाऊक होतं, म्हणून अनेक गाड्यांत पाणी तापलं की करंट आपोआप पुढे आणणारा एक व्हॉल्व्ह दिलेला असायचा. मिस्त्रींनी नळी जोडली, करंट पुस्तकातल्या मापावर आणला, आणि उभ्या गाडीचा काटा आमच्यासमोर खाली आला. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरला तेच जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) ठेवलं तर मिश्रण पातळ पडतं. त्यांनी जेटही एक नंबर मोठं घातलं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, तो थर्मोस्टॅट. पुण्यातच नाही, महाराष्ट्रात कुठेही गाडी तापली की पहिला सल्ला हाच मिळतो: थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडे थंडी कुठे आहे? हा सल्ला मीही पंधरा वर्षं दिला आहे. वडील म्हणायचे, थर्मोस्टॅट ठेवायचा, कारण तो नसला की पाणी जाळीतून इतकं धावत जातं की त्याला गार व्हायला वेळच मिळत नाही. मला ते पटत नसे, म्हणून मी काढायची. पुढे इंजिनांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर आमच्या दुकानात येऊन बसायचे. त्यांनी समजावलं की वडिलांचं कारण चुकीचं होतं, पण सल्ला बरोबर होता. पाणी जोरात फिरलं तर उष्णता जास्तच निघते. खरी गोष्ट दाबाची आहे. थर्मोस्टॅटच्या अरुंद तोंडामुळे पंप ब्लॉकच्या आत थोडा जास्त दाब तयार करतो. त्यामुळे हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, सगळ्यात तापलेल्या कोपऱ्यांत, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या मागे, पाण्याचे बुडबुडे धरत नाहीत. बुडबुडा धरला की तिथे धातूला पाणी लागत नाही आणि तेवढीच जागा भाजून निघते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना जाळी टाळून जाणारी आडवाट बंद करतो. तो काढला की गरम पाणी जाळीत न जाता आतल्या आतच फिरत राहतं. आणि सकाळी थंड इंजिन तासभर थंडच चाललं तर ऑइलमध्ये चिखल होतो, सिलिंडर झिजतो.

थर्मोस्टॅट खराब होतो, हे खरं. अडकतो, अर्धवट उघडतो. म्हणून तो तपासायचा असतो. मी घरी गॅसवर पातेल्यात पाणी ठेवून, त्यात दोऱ्याने थर्मोस्टॅट टांगून आणि शेजारी थर्मामीटर धरून बघते. पातेल्याच्या तळाला तो टेकू द्यायचा नाही, नाहीतर आकडा खोटा येतो. ८२ अंशांचा असेल तर ८२ च्या आसपास तोंड हलायला लागतं आणि नव्वदी पार होईतो पुरतं उघडतं. मस्टँगला आम्ही ८२ चाच नवा घातला. त्याला हवा जाण्यासाठी एक बारीक भोक असतं, ते वरच्या बाजूला ठेवून. मग गाडीचं नाक चढाकडे करून पाणी भरलं, म्हणजे आत हवा अडकत नाही.

पाण्याचं सांगायचं तर बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर आणि तीस ते चाळीस टक्के कूलंट पुरतं. आपल्याकडे पाणी गोठत नाही, त्यामुळे जास्त कूलंट घालून फायदा नाही. उष्णता वाहून न्यायचं काम निव्वळ पाणीच जास्त चांगलं करतं. कूलंट हवंय ते गंज न धरण्यासाठी. २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची विंटेज म्हणून नोंदणी होते आणि त्या रोज चालवायच्या नसतात. म्हणजे गाडी वर्षातून चार-सहा वेळा निघते आणि बाकीचे दिवस नळाचं पाणी पोटात घेऊन उभी राहते. ब्लॉकच्या मागच्या बाजूला, शेवटच्या सिलिंडरभोवती तांबडा गाळ साचतो तो याच दिवसांत. दर दोन वर्षांनी ब्लॉकचा ड्रेन प्लग काढून तो धुवायचा. प्लग काढल्यावर पाणीच आलं नाही, तर समजायचं गाळ तोंडापर्यंत आलाय.

मस्टँग घेऊन आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आधी, दुपारी एक वाजता जुन्या कात्रज घाटात गेलो. मालक चालवत होते, मी शेजारी, मागे चाचा. बोगद्याशी पोचलो तेव्हा वरच्या होजवर बंदुकीने ९३ दाखवलं. मालक इंजिन बंद करायला तयार नव्हते, पुन्हा सुरू झालं नाही तर, ही धास्ती. मी बंद करायला लावलं आणि काटा पाच-सहा अंश वर चढला. ते घाबरले. पण हे व्हायचंच. पंप थांबतो आणि लोखंड मात्र तापलेलंच असतं, त्यामुळे थोडा वेळ काटा चढतो आणि मग उतरतो. आम्ही चहा प्यायलो, गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. परत येताना स्वारगेटच्या गर्दीत वीस मिनिटं अडकलो, तरी काटा मधल्या रेघेच्या फारसा पुढे गेला नाही. ती गाडी अजून त्यांच्याकडेच आहे.

एक विनंती. आपल्या छायाचित्रकारांकडे त्या लाल गाडीच्या मालकांचा पत्ता असेल, तर माझा निरोप पोचवावा. छापलेला फोटो मी भिंग लावून पाहिला. पंख्याभोवती काउल दिसत नाही आणि जाळी व पंखा यांत बरंच अंतर आहे. त्यांना कुणी हेड खोलायला सांगितलं असेल, तर त्याआधी एवढं बघून घ्यावं. गाडी गार झाल्यावर वरची टाकी उघडून आत बघायला मी आणि चाचा येऊ, त्याचे पैसे घेणार नाही.

आपली,
एक वाचक
रेडिएटर कारागीर, नाना पेठ, पुणे